कायद्याने मान्य केला नाही तर हक्क असतो का?

सह्यवाट
मानवी हक्कांवर बोलताना दोन वाक्यं हमखास ऐकू येतात : ‘हक्क जन्मजात असतात’ आणि ‘ज्याची बजावणी होत नाही तो हक्कच नव्हे’. दुसरं खरं मानलं, तर २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांचा त्यावर हक्क होता असं कशाच्या आधारे म्हणायचं? पहिलं खरं मानलं, तर असा हक्क कोर्टात उभा करता येतो का? जाणकारांनी निकालावर बोट ठेवून सांगावं.

पानगळ
महाडमध्ये मान्यता नव्हती असं नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली करावीत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३मध्येच मंजूर केला होता. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. बजावणी मात्र शून्य. सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७मध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये स्पृश्यांच्या दाव्यावर दिवाणी कोर्टाने अस्पृश्यांना तळ्यावर जायला तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ला.

‘मान्यता म्हणजेच हक्क’ असं धरलं, तर हा हक्क १९२४मध्ये जन्मला, १९२७मध्ये मेला आणि १९३७मध्ये पुन्हा जिवंत झाला असं म्हणावं लागेल. मग ठराव मागे घेणं हा अन्याय होता, हे म्हणायला जागाच उरत नाही. माझ्या मते हा त्या भूमिकेचा सगळ्यात मोठा दोष आहे.

मात्र १९३७चा निकाल जन्मजात हक्कांचा पुरावा म्हणून देऊ नका, तिथे बरेच जण घसरतात. वादींचा, म्हणजे दावा लावणाऱ्या स्पृश्यांचा, दावा होता की स्पृश्यांनीच पाणी भरायची अनादी वहिवाट आहे. ती सिद्ध झाली नाही, म्हणून त्यांचं अपील फेटाळलं गेलं. ती सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा लोकहिताच्या विरुद्ध आहे का हे पाहावं लागलं असतं, एवढंच म्हणून कोर्ट थांबलं. माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे का, याला कोर्टाने हातच घातला नाही.

कलमदान
तो प्रश्न थेट आला १९७६मध्ये, आणीबाणीतल्या एडीएम जबलपूर खटल्यात. २७ जून १९७५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेतल्या कलम १४ (समानता), २१ (जीवन आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेबाबतचं संरक्षण) यांच्या बजावणीसाठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित झाला होता. मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धांनी हेबियस कॉर्पस अर्ज (कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणून स्थानबद्धता तपासण्यासाठीचे) केले आणि नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकता येतील असं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध एक अशा मतांनी ते उलटलं.

सरकारचा युक्तिवाद तीन पायऱ्यांचा होता : जगण्याचा हक्क फक्त कलम २१मध्ये आहे, ते बजावता येत नाही, म्हणून अर्ज चालत नाही. विरोधी मत देणाऱ्या एकट्या न्या. खन्नांनी पहिलीच पायरी काढून घेतली. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हे तत्त्व राज्यघटनेच्या आधीपासून होतं. कलम २१ हे त्याचं एकमेव कोठार नव्हे. पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारलं तर दाद कुठे मागायची, असं त्यांनी सरकारची बाजू मांडणाऱ्या महान्यायवादींना विचारलं. आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही, असं उत्तर आलं. ‘बजावणी नाही तर हक्क नाही’ हे टोकाला नेलं की इथे पोचतं.

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ची बजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं केलं. २४ ऑगस्ट २०१७च्या, खाजगीपणाच्या हक्काबद्दलच्या पुट्टस्वामी निकालात जबलपूर खटल्यातलं बहुमताचं मत स्पष्टपणे रद्द झालं. जीवन आणि व्यक्तिस्वातंत्र्य हे हक्क राज्याने बहाल केलेले नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. अर्जात मुद्दा मांडायचा तर खन्नांचं विरोधी मत आणि पुट्टस्वामी निकाल जोडीने द्या. मात्र रिट अर्ज कलम २२६ (उच्च न्यायालय) किंवा ३२ (सर्वोच्च न्यायालय) खालीच करायचा असतो, नुसत्या ‘नैसर्गिक हक्का’खाली तो दाखल होत नाही.

रानजाई
वरचं सगळं ‘मारू नका, कोंडू नका, अडवू नका’ या जातीच्या हक्कांबद्दल आहे. तिथे कर्तव्य कुणाचं हे उघड आहे : प्रत्येकाचं. कामाच्या हक्काचं काय? काम द्यायचं कुणी, किती दिवसांत, कुठल्या पैशातून, हे ठरेपर्यंत तो हक्क कुणाविरुद्ध आहे हेच कळत नाही. महाराष्ट्राचा १९७७चा रोजगार हमी कायदा म्हणूनच महत्त्वाचा. अशा हक्कांना बऱ्याच अंशी कायदाच आकार देतो, असं मला वाटतं.

आणि दोन्ही जातींच्या हक्कांना बाबासाहेबांचा १९४३च्या पुण्यातल्या भाषणातला मुद्दा लागू आहे : हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते. ते रक्षणाबद्दल बोलत होते, अस्तित्वाबद्दल नाही. वादात हे दोन्ही एकत्र कालवले जातात.

सह्यवाट
म्हणजे ‘आहे’, ‘मान्य आहे’ आणि ‘मिळतो’ हे तीन वेगळे प्रश्न. पण रोजगार हमीत हक्क मान्य असूनही तो मिळण्यात नेमकं अडतं कुठे?

रानजाई
पोचपावतीत. २००५च्या केंद्रीय कायद्यात काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता, अशी तरतूद होती. मागणी तोंडी घेतली किंवा पोचपावतीवर तारीखच घातली नाही, की १५ दिवस कधीपासून मोजायचे हे सिद्ध करता येत नाही आणि भत्त्याचा दावा तिथेच मरतो. म्हणून अर्ज लेखी, दोन प्रतींत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.