सरकारी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला असावा का?

सरळरेघ
जनतेच्या पैशातून लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या सूचनांवर चालतं तो मूळ मजकूर, जनतेला उघडून बघता आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हा विषय निघाला की चर्चा लगेच परवान्याच्या खर्चावर येते, म्हणून मी मुद्दाम दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो.

ब्रिटनच्या सरकारी मालकीच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबप्रणाली आणली. पुरवठादार फुजित्सू. गावोगावची टपाल केंद्रं चालवणाऱ्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. माणसं म्हणत होती, आम्ही पैशाला हात लावलेला नाही. वरून उत्तर येत होतं, संगणकात काही चूक नाही. तिथल्या न्यायालयातही उलट पुरावा येईपर्यंत संगणक बरोबर चालतोय असंच धरतात. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांनी पदरचे पैसे घालून ती खोटी तूट भरली. दोष प्रणालीतच होते हे उच्च न्यायालयाने म्हणायला २०१९ उजाडलं, आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा आला २०२४ मध्ये.

यंत्राच्या शब्दावर माणूस तुरुंगात जात असेल, तर ते यंत्र आतून कसं चालतं हे त्याच्या वकिलाला तपासता यायला नको? स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून कायदाच आहे. संघराज्य सरकारच्या कार्यालयांनी करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा कोड प्रसिद्ध करायचा. सुरक्षेचा किंवा इतरांच्या हक्काचा प्रश्न असेल तेवढाच अपवाद.

उंबरठा
उदाहरण वाचून अस्वस्थ झालो, पण त्यातून तुमचं म्हणणं सिद्ध होत नाही. होरायझनमधल्या चुका कंपनीतल्या लोकांना माहीत होत्या, त्यांची रीतसर नोंद होती. ती बाहेर येऊ दिली नाही. हा माणसांचा अपराध आहे, कोड खुला की बंद याचा नाही.

आणि कोड खुला असला म्हणजे कुणी वाचतंच असं कुठे आहे? ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या. इंटरनेटवरचे अर्धेअधिक सुरक्षित व्यवहार त्याच्या भरवशावर चालत. कोड पहिल्यापासून खुला. तरी हार्टब्लीड नावाचा दोष त्यात दोन वर्षं पडून होता, सापडला एप्रिल २०१४ मध्ये. तोवर त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या साधारण २,००० डॉलर. तो फुकट वापरणाऱ्यांत सरकारंही होती! तुम्ही म्हणता तसं धोरण उद्या सगळीकडे आलं, तर आणखी हजार कार्यालयं त्याच दमलेल्या चार माणसांच्या खांद्यावर बसतील, एवढंच होईल.

सरळरेघ
नोंद दडपता आली, कारण ती कुलपात होती. खुल्या प्रकल्पात चुकांची यादीसुद्धा सहसा उघड्यावरच असते. टपाल केंद्रातल्या बाईंनी लाखो ओळी वाचाव्यात असं मी म्हणतच नाही. त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञाला त्या वाचता याव्यात.

हार्टब्लीडबद्दल मात्र तुमचं खरं आहे. म्हणूनच नुसतं वापरून भागणार नाही, सरकारांनी पैसे द्यायला हवेत. जर्मनीने २०२२ मध्ये सॉवरिन टेक फंड सुरू केला तो याच कामासाठी: ज्यावर सगळे विसंबून असतात पण ज्याकडे कुणी बघत नाही, अशा प्रकल्पांच्या देखभालीला सरकारी पैसा.

आवकजावक
तुम्ही दोघे फार वरून बोलताय. मी एका कार्यालयात नोंदींच्या टेबलावर होते, तेव्हा एका सोमवारी सगळ्यांचं ऑफिस सॉफ्टवेअर बदललं. नवं वाईट नव्हतं. पण वर्षानुवर्षं जमवलेले पत्रांचे नमुने विस्कटले, एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, चालेनात, आणि विचारायचं कुणाला तर एका आठवड्यापुरत्या आलेल्या प्रशिक्षकाला. समोर रांग उभी असताना लोकांची बोलणी आम्ही खाल्ली. ज्यांनी धोरण आखलं ते तिथे नव्हते.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचं काय झालं ते बघा. २००३ मध्ये नगरपरिषदेने विंडोज सोडून लिनक्स ही खुल्या कोडची संगणकप्रणाली घ्यायचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. दहा वर्षं खपून परत फिरायचं, म्हणजे कर्मचाऱ्यांचे दोनदा हाल.

धागादोरा
आवकजावक ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण तो ओपन सोर्सचा, म्हणजे खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरचा नाही, एका सोमवारी सगळं बदलण्याचा आहे. फ्रान्सच्या जाँदार्मरीने, म्हणजे त्यांच्या सशस्त्र पोलीस दलाने, उलट्या बाजूने काम केलं. आधी २००५ मध्ये फक्त ओपनऑफिस, म्हणजे पत्रं आणि तक्ते करायचं खुलं सॉफ्टवेअर. मग वेबसाइट बघायला फायरफॉक्स आणि ईमेलला थंडरबर्ड, सगळं जुन्या विंडोजवरच. लोकांचा हात बसला तेव्हा कुठे २००८ पासून खालची प्रणाली बदलून उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार आणायला घेतला, तोही टप्प्याटप्प्याने. रोजच्या खिडक्या त्याच राहिल्या, म्हणून दलातल्या लोकांना धक्का कमी बसला. आज तिथे हजारो संगणक त्यावर चालतात. म्युनिकमध्येही नंतरच्या सल्लागारांच्या अहवालाने विखुरलेल्या आयटी विभागाकडे बोट दाखवलं होतं.

माझाही अनुभव सांगतो. मी ज्यांच्यासाठी काम करत होतो तिथली प्रणाली बंद होती. मक्ता संपला, नवी कंपनी आली. डेटा आमचा, पण टेबलांची रचना जुन्या कंपनीची, आणि ती उलगडून सांगायचे वेगळे पैसे. आठ महिने आम्ही दोन्हीकडे हाताने नोंदी केल्या. तेव्हापासून कुणी परवान्यावर किती वाचले हे सांगू लागलं की मी आधी विचारतो, बाहेर पडायला किती लागतील?

उंबरठा
हा प्रश्न मला पटला. निदान डेटा आणि फाइलींचे प्रकार खुल्या मानकात हवेत, यावर मी सही करायला तयार आहे. ओडीएफ हा दस्तऐवजांच्या फाइलींचा खुला प्रकार २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे, न वापरायला सबब नाही.

पण सरसकट सक्तीला माझा विरोध कायम आहे. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं मार्च २०२४ मधलं प्रकरण आठवा. एकट्याने प्रकल्प सांभाळून थकलेल्या माणसाला मदत करतो म्हणत कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं.

सरळरेघ
खटकल्यावर त्याला आत शिरून बघता आलं, ते कोड खुला होता म्हणून.

उंबरठा
हो. आणि तो बघत होता स्वतःहून, त्या कामावर त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. मला सरकारच्या पगारावर असा माणूस हवाय. ज्या विभागाकडे स्वतःचा एकही कोड वाचणारा नाही, त्याने कोड खुला ठेवला काय आणि बंद ठेवला काय, पुरवठादार सांगेल तेच त्याला ऐकावं लागणार.

आवकजावक
त्या माणसाची खुर्ची आमच्या मजल्यावर असू द्या. मॅक्रो बंद पडले तर निदान आवाज देता येईल.