लांबच्या टीमसोबत काम का रखडतं, यावर कुणी रिसर्च केलाय का?

मी पुण्यात, टीम अमेरिकेत. काल डेटाबेसमधल्या एका कॉलमचं नाव बदलायचं होतं, एवढंच, पण "हा कॉलम अजून कोण वापरतं" हे विचारलं आणि उत्तर आलं आज रात्री साडेनऊला, तोवर मी नुसता बसून. पीएचडीसाठी हाच विषय घ्यावा असं मनात आहे, कुणाचं काम वाचू?

उत्तर १: जेम्स हर्ब्सलेब, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले. आधी बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत होते, तिथे सहकारी ऑड्रिस मॉकससोबत खऱ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टचा डेटा तपासला, २००३ च्या पेपरात आहे की वेगवेगळ्या ठिकाणी वाटलेल्या कामाला एकाच जागच्या कामापेक्षा साधारण अडीचपट वेळ लागतो. आणि कारण मला फार पटलं, काम वाटलं की त्यात जास्त माणसं गुंततात, म्हणून उशीर! तुझा कॉलम म्हणजे तेच बघ.

उत्तर २: हर्ब्सलेब यांचं मार्सेलो कॅटाल्डोसोबतचं कामही वाच. कोडचे कुठले भाग एकमेकांवर अवलंबून आहेत आणि ते लिहिणारी माणसं खरंच एकमेकांशी बोलतात का, हे जुळलं की काम लवकर संपतं. मेल्विन कॉनवे या प्रोग्रामरने १९६८ मध्ये म्हटलं होतं की सिस्टिमची रचना संस्थेतल्या संवादासारखीच होते, त्याच धाग्यातलं हे, फक्त इथे मोजून दाखवलंय. पुढे २०१२ मध्ये गिटहबवर (कोड ठेवायची आणि मिळून लिहायची साइट) लोक एकमेकांचं काम बघून काय अंदाज बांधतात यावरही हर्ब्सलेब आणि सहकाऱ्यांचा पेपर आहे, तो मुलाखतींवर उभा आहे.

मूळ प्रश्नकर्ता: खूप आभार दोघांचे! अडीचपटवाला आज रात्रीच वाचतो.