त्रिनिदादचा प्रवास: वडिलांचे वय, मे महिना आणि वाटेतला व्हिसा

पाचपाखाडीकर:
आम्ही चौघे, त्यात माझे एकाहत्तर वर्षांचे वडील, मुलीच्या मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस त्रिनिदादला जाण्याचा विचार करीत आहोत. गावसकरांनी १९७१ साली ज्या मैदानावर एकाच कसोटीत १२४ आणि २२० धावा काढल्या, ते पोर्ट ऑफ स्पेनचे क्वीन्स पार्क ओव्हल एकदा पाहायचे, एवढाच वडिलांचा हट्ट आहे. ठाणे स्टेशनजवळच्या एका एजंटाने "तिथे व्हिसा लागत नाही, बिनधास्त तिकिटे काढा" असे सांगितले. हे खरोखर इतके सोपे आहे का?

घोडबंदरकर:
पर्यटनासाठी त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही हे खरे. परंतु मुंबईहून थेट विमान नाही आणि घोळ होतो तो वाटेत. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे गेल्यास, विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे नसले तरी, अमेरिकेचा व्हिसा लागतोच. लंडनमार्गे जाताना हीथ्रोला उतरून पुढचे विमान गॅटविकहून असेल, तर ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो. त्यामुळे आधी मार्ग, मग व्हिसा आणि शेवटी तिकीट, हाच क्रम ठेवावा. मे महिना चांगला आहे, कारण पावसाळा साधारण जूनमध्ये सुरू होतो. जमल्यास ३० मेपर्यंत थांबा. १८४५ साली त्याच तारखेला भारतीय मजुरांचे पहिले जहाज तिथे लागले, म्हणून त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

वाशीवासी:
एजंटाने पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीबद्दल काही सांगितले नाही, याचे आश्चर्य वाटते. त्रिनिदादहून परतणाऱ्याकडे या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. शिवाय लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच ते ग्राह्य धरतात. आम्ही परतलो तेव्हा या प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका मी सुटकेसमध्ये टाकली होती आणि सुटकेस इमिग्रेशनच्या पलीकडे बेल्टवर फिरत होती. आरोग्य तपासणीच्या काउंटरवर पाऊण तास ताटकळलो, पतीचे बोलणे खाल्ले ते निराळेच. तुमच्यासाठी मोठा प्रश्न मात्र वेगळा आहे. साठीनंतर या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून वडिलांच्या डॉक्टरांशी बोलल्याखेरीज एक रुपयाही भरू नका. त्यांनी नकार दिल्यास बार्बाडोसचा विचार करावा. भारताच्या पीतज्वराच्या यादीत ते बेट नाही, व्हिसा लागत नाही आणि केन्सिंग्टन ओव्हल हे कसोटी मैदानही तिथेच आहे.
त्रिनिदाद ठरलेच, तर सकाळी गाडीवरचे 'डबल्स' नक्की खा. दोन मऊ तळलेल्या 'बारा' नावाच्या पुऱ्यांवर रसदार छोले घालून, कागदात गुंडाळून देतात. "पेपर?" असे विचारले की मिरचीच्या सॉसबद्दल विचारतात; तेव्हा "स्लाइट", म्हणजे अगदी थोडा, म्हणावे. मी मराठी बाण्याने जास्त मागितला आणि मैदान डोळ्यांतल्या पाण्यातून पाहिले.

पाचपाखाडीकर:
दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे आणि तोपर्यंत तिकिटे थांबवली आहेत. बार्बाडोसचा पर्याय रात्री जेवताना वडिलांपुढे ठेवला, तर त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारले, "तिथे २२० कोणी काढल्या?"