जुनी गाडी, नवे पार्ट : तुमचे अनुभव सांगा

सांजवेळ
काल सिग्नलला उभी होते, शेजारच्या गाडीच्या बॉनेटमधून बेल्ट घसरतो ना तसा चींऽऽ आवाज आला आणि एकदम बाबांची गाडी आठवली. सोळा वर्षं वापरली त्यांनी. रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभे राहायचे आणि टॉर्च धरायला मी. काढलेला जुना पार्ट मिस्त्रीकडून मागून घ्यायचेच, नवा बसवायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. एकदा दोन ऑइल फिल्टर माझ्या दोन हातांत दिले, म्हणाले डोळे मीट आणि सांग जड कुठला. डबा तोच, रंग तोच, पण नवा चक्क हलका लागला. उलटा करून पाहिलं तर आतलं रबर एका बाजूला सरकलेलं. त्या रबराच्या पडद्यामुळे गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली उतरत नाही, नाहीतर सकाळी स्टार्ट केल्यावर सुरुवातीचे काही क्षण इंजिन कोरडं फिरतं. हे त्यांनी तेव्हा समजावलं होतं, मी असेन दहा वर्षांची.
आता माझी गाडी चौदा वर्षांची झालीये आणि पुढच्या सस्पेन्शनचं काम निघालंय. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), त्याचे रबरी बुश, लिंक रॉड, सगळंच. विकायची नाहीये. कुठे कंपनीचंच घेतलंत, कुठे बाहेरचं चाललं, कुठे पस्तावलात, लिहा प्लीज.

वाटसरू_७
टायमिंग बेल्ट!! (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा.)
बेल्ट चांगल्यातला घातला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) जुनाच ठेवला कारण मिस्त्री म्हणाला फिरतोय की नीट. आठ महिन्यांनी टेन्शनरचं बेअरिंग जाम, बेल्ट दात सोडून सरकला आणि चालत्या गाडीत इंजिन बंद. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात तिथे वेळ चुकली की पिस्टन व्हॉल्व्हला ठोकतो. माझे सगळे वाकले, हेड उतरवावं लागलं. म्हणून बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) एकदमच बदला, वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण पंप नंतर गळला तर तेवढंच सगळं परत उघडायचं.

पाऊलखुणा
टॉर्च धरण्यावरून हसायलाच आलं, आमचे बाबा ओरडायचे "माझ्या डोळ्यात नको, नटावर मार!" नट कुठला ते त्यांनाच दिसत असायचं 😄

सांजवेळ
@पाऊलखुणा अगदी हेच, शब्दन् शब्द!

लोखंडी_सावली
मी स्पेअर पार्टच्या काउंटरला बसतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल. लोक विचारतात ओरिजिनल आहे का, पण ओरिजिनल म्हणजे काय ते ठरवून या. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही, बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, एसकेएफ असे लोक तिला माल देतात आणि तसाच माल स्वतःच्या डब्यातही विकतात. तो डबा घेतलात तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. त्याच्या खाली बाहेरचे बनवणारे, त्यात उत्तमही आहेत आणि टाकाऊही. आणि चौथा म्हणजे डुप्लिकेट, नाव दुसऱ्याचं आणि माल भलताच. ही शुद्ध फसवणूक आहे आणि सगळ्यात जास्त फिल्टर, प्लग, बेअरिंग, ब्रेक पॅड यात दिसते कारण खप तिथेच. एसकेएफचं तर खरंखोटं तपासायला ॲप आहे, फोटो पाठवला की कळवतात.
आणि येताना गाडीचं मॉडेल सांगू नका हो, चॅसी नंबर आणा. त्याच मॉडेलमध्ये मधेच कंपनी पार्ट बदलते, नवा नंबर लागतो, आणि मग "बसत नाही" म्हणून चार फेऱ्या होतात.

रानजाई
पार्ट कितीही चांगला आणा, बसवणारा घाईत असेल तर मातीमोल. माझ्या गाडीला साठच्या पुढे गेलं की पुढून हूऽऽऽ असा आवाज यायचा, मी टायर टायर करत राहिले. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी शेजारी बसून गाडी डावीउजवीकडे झुलवायला लावली, उजवीकडे वळवली की आवाज वाढायचा, म्हणाले डावं व्हील बेअरिंग (वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो ना). दुसऱ्या गॅरेजमध्ये चांगलं बेअरिंग विकत आणून दिलं तर त्यांनी हातोड्याने ठोकून बसवलं. चार महिन्यांत परत हूऽऽऽ. काकांकडे गेले, त्यांनी प्रेसवर बसवलं, बाहेरच्या कड्यालाच दाब देऊन. आतल्या कड्यावर दाब दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेला खड्डे पडतात म्हणे. काढलेलं बेअरिंग त्यांनी माझ्या बोटावर घालून फिरवून दाखवलं, वाळू भरल्यासारखं करकरत होतं.
सांजवेळ, तुझ्यासाठी महत्त्वाचं: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना फायनल टाइट करू देऊ नको!! चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग दोष पार्टवर येतो.

सांजवेळ
@रानजाई हे मला कुणीच सांगितलं नव्हतं गं. लिहून ठेवलं. अलाइनमेंट त्यानंतरच ना?

रानजाई
हो त्यानंतरच. फोडणीवर आहे, नंतर येते.

दूरचा_दिवा
ब्रेक ऑइल बदला रे सगळ्यांनी. लांबच्या उतारावर माझा पेडल स्पंजसारखा मऊ होत गेला, दुसऱ्या गिअरवर टाकून हँडब्रेक हळूहळू ओढत कसाबसा थांबलो, मागे मुलं झोपलेली. पॅड नवेच होते. ऑइल पाच वर्षं बदललं नव्हतं. ते हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळायला हवं, पाणी शिरलं की ती हद्द १५५ पर्यंत खाली येते. उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते, पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. आता दर दोन वर्षांनी. पॅड दोन्ही बाजूंचे जोडीने. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजायला सांगा, नुसतं "चालेल अजून" ऐकू नका.

पाऊलखुणा
बापरे 😟 मुलं बरी आहेत ना

दूरचा_दिवा
हो हो, त्यांना जागच आली नाही. मी मात्र अर्धा तास रस्त्याकडेला बसून होतो.

ओला_रुमाल
गाडी हीट होते म्हणून कुणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकू म्हटलं तर नाही म्हणा. माझा काढला होता. मग इंजिन तापमानालाच येईना, इसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन थंड आहे, तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज ढासळलं. खरं दुखणं रेडिएटरमध्ये होतं, वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरून आत क्षार साठलेले. कूलंट नुसता रंग बघून घेऊ नका, हिरवा सगळा सारखा नसतो. मॅन्युअलमध्ये कुठला लिहिलाय तो घ्या, दोन वेगळे मिसळलात तर आत चोथा होऊ शकतो.

निळी_छत्री
सगळंच कंपनीचं घ्यायची गरज नसते हं. माझा आरसा, दाराचं हँडल, मागचा दिवा, सगळं भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं, सहा वर्षं झाली. पण रबर, ब्रेक, एअरबॅग जुन्यातलं कधीच नाही. टायर नवा घेताना पण तारीख बघा, बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मला "नवा" म्हणून चार वर्षं पडून राहिलेला देत होते.

पाऊलखुणा
आत्ता खाली जाऊन माझे बघून आले. चारातले दोन दहा वर्षांचे निघाले 😳 नक्षी तर छान आहे अजून.

निळी_छत्री
नक्षीवर जाऊ नकोस, रबर वयाने कडक होतं. बाजूला बारीक चिरा आहेत का बघ. हे आठवडे मोजत बसू नको, बदलच.

एकटा_बगळा
पार्टबद्दल फार कळत नाही. वडील गेले त्या वर्षी त्यांची गाडी विकली, डिकीत त्यांचा पान्यांचा डबा होता तो तेवढा काढून घेतला. पाने फडक्यात गुंडाळलेले, प्रत्येकावर दाभणाने नंबर कोरलेला. वरचा धागा वाचून आज परत उघडला.

सांजवेळ
@एकटा_बगळा 🙏 बाबांचा दहा-अकराचा पाना माझ्याकडे आहे. तेल लावून ठेवा हो, गंजू देऊ नका.

लोखंडी_सावली
सांजवेळताई, लोअर आर्म बदलताना बॉल जॉइंटचं रबरी बूट हाताने दाबून बघा, चिरलेलं असेल तर घेऊ नका, पाणी-धूळ आत गेली की संपलं. लिंक रॉड दोन्ही बाजूंचे. आणि जुने पार्ट मागून घ्या, बाबांसारखे.

सांजवेळ
शनिवारी गाडी देतेय. चॅसी नंबरचा फोटो काढलाय, मिस्त्रींना सांगितलंय जुनं काहीही टाकायचं नाही, मी बसून बघणार आहे.

ओला_रुमाल
जरा अवांतर, माझ्या मागच्या दाराची काच वर जाताना मधेच अडते, हाताने ओढावी लागते. मोटर गेली का?

रानजाई
आले परत. आधी काचेच्या रबराच्या चॅनेलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारून बघा, रबर वाळून काच धरून ठेवतं. ग्रीस नको, धूळ चिकटते. चारपाच वेळा वरखाली करा, तरी अडली तर मोटर.

ओला_रुमाल
मारला. गेली वर!