तमिळ लिपी अपुरी आहे का?

खडूफळा: तमिळमध्ये गांधी लिहा, अक्षरं येतात 'कान्ति'. क, ख, ग, घ मिळून एकच अक्षर! ट, त, प यांचीही तीच गत. पाप म्हणजे 'पावम' आणि भाव म्हणजे 'भावम', दोन्ही लिहायचे अगदी सारखेच. शेजारच्या तेलुगू, कन्नड, मल्याळममध्ये क-ख-ग-घ-ङ अशी प्रत्येक वर्गात पाच-पाच अक्षरं असताना ही काटकसर कशाला? माझ्या मते लिपी अपुरी आहे.

कावेरीकाठ: अपुरी कुणाला? तमिळ शब्दात उच्चार जागेवरून ठरतो. सुरुवातीला किंवा द्वित्तात (क्क असं दुहेरी आलं की) क, अनुनासिकानंतर ग. सोनं लिहितात 'तङ्कम', वाचतात 'तंगम'. साप लिहितात 'पाम्पु', वाचतात 'पाम्बु'. नियमानेच कळतंय तर वेगळं अक्षर हवं कशाला? शिवाय ए-ओचे ऱ्हस्व-दीर्घ तिथे वेगळे लिहितात. आणि त्यांच्या एका खास 'ळ'साठी देवनागरीला खाली टिंब (नुक्ता) देऊन ऴ करावा लागला, तो कुणाचा अपुरेपणा?

खडूफळा: नियम देशी शब्दांपुरते. 'बस' प-नेच लिहितात, नवख्याने काय वाचायचं? आणि ज, ष, स, ह ग्रंथ लिपीतून (तमिळ मुलखात संस्कृत लिहायची जुनी लिपी) घ्यावे लागलेच ना?

मोडीवेडा: अहो, आपलं झाकून ठेवा आधी. 'हे जग' आणि 'सुखाने जग' यातले दोन ज तुम्ही वेगळे लिहिता? चार आणि चारा? मोडीत तर इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घही वेगळे नव्हते, तरी राज्यांचे हिशेब चालले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे ढीग आहेत, ते लिहिणाऱ्यांचं काही अडलं नाही.

खडूफळा: अडलं लिहिणाऱ्याचं नाही हो, वाचणाऱ्याचं अडतं. मोडी वाचणारे आज शोधावे लागतात.

मोडीवेडा: ते वळणदार घाईच्या अक्षरामुळे आणि सराव सुटल्यामुळे. ऱ्हस्व-दीर्घाच्या माथी का मारता?

कावेरीकाठ: तमिळमध्ये जोडाक्षरांचं जंगलही नाही. व्यंजनावर टिंब दिलं की स्वर गेला, संपलं. 1978 साली तमिळनाडू सरकारने णा, नै अशांची वेडीवाकडी रूपंही सरळ केली. म्हणजे बदलाचं वावडं नाही. ग, द, ब यांची गरज वाटली असती तर घेतले असते.

खडूफळा: गरज वाटलीच की! संस्कृत स्तोत्रं तमिळ लिपीत छापताना ख, ग, घ दाखवायला क-ला 2, 3, 4 असे बारीक आकडे जोडतात. हे अक्षर नाही तर काय आहे?

कावेरीकाठ: ती गरज स्तोत्रांची. भाजीच्या यादीत कुणी आकडे घालत नाही.