रेगनची लाट घरपट्टीतून उठली की चर्चच्या शाळांतून?

माधव:
१९८० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या रोनाल्ड रेगननी ५० पैकी ४४ राज्यं जिंकली, त्याचं श्रेय सर्रास धर्माला आणि कम्युनिझमच्या भीतीला दिलं जातं. माझ्या मते आधी घरपट्टी बघायला हवी.

कॅलिफोर्नियात काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, घरपट्टीसाठी मिळकतींचं मूल्य ठरवणारा अधिकारी निवडून येतो. पूर्वी हे अधिकारी राहत्या घरांचं मूल्य मुद्दाम कमी लावायचे, कारण घरमालक म्हणजे मतदार. सॅन फ्रान्सिस्कोत या खात्यातली लाचखोरी उघड झाली आणि १९६६ मध्ये कायदा आला: सगळ्या मिळकतींचं मूल्य बाजारभावाच्या सरसकट २५ टक्के धरायचं. हेतू चांगलाच होता, पण घरमालकांची छुपी सूट गेली. सत्तरच्या दशकात घरांचे भाव भडकले. फेरमूल्यांकन काही वर्षांतून एकदा होत असल्याने वाढ एकदम अंगावर यायची. पेन्शनरांची मिळकत तेवढीच, पट्टी मात्र दुप्पट, आणि राज्याच्या तिजोरीत सुमारे ५ अब्ज डॉलर शिल्लक!

६ जून १९७८ ला करविरोधी कार्यकर्ते हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांचा 'प्रपोझिशन १३', म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव, सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झाला. पट्टी मूल्याच्या १ टक्क्यापर्यंत, मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर, वाढ वर्षाला फार तर २ टक्के, नवं मूल्यांकन घर विकल्यावरच. म्हणजे ५० हजारांच्या घराची पट्टी ५०० डॉलर, १५ वर्षांनी पावणेसातशेच्या आत. शेजारचं तसंच घर तेव्हा २ लाखांना घेणाऱ्याला २,०००. हा अन्याय आहेच, पण आधीच्या घरमालकांची एक पक्की फळी त्यातून उभी राहिली.

रेवा:
तपशील बरोबर, निष्कर्ष पटत नाही. त्याच कॅलिफोर्नियाने पाच महिन्यांनी विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या जेरी ब्राऊनना मोठ्या फरकाने पुन्हा गव्हर्नर केलं. कराला वैतागलेला माणूस उजवा झालाच असं नाही.

१९६४ बघा. रिपब्लिकनांचे अध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर यांनी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं, देशभर सपाटून हरले, पण स्वतःच्या अ‍ॅरिझोनाखेरीज जिंकलेली पाचही राज्यं कापसाच्या पट्ट्यातली दक्षिणी. मिसिसिपीत तर ८७ टक्के मतं. तिथे तेव्हा घरपट्टीचं बंड नव्हतं. पुढे सरकारी शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र बसू लागली, तेव्हा गोऱ्यांनी खासगी शाळा काढल्या, त्यातल्या बऱ्याच चर्चच्या आश्रयाने. भेदभाव करणाऱ्या शाळांची करसवलत १९७१ च्या न्यायालयीन निकालाने गेली. १९७८ मध्ये कर खात्याने आणखी कडक नियम सुचवला: वर्णभेद संपवायच्या काळात निघालेल्या, जवळपास गोऱ्यांच्याच शाळांनी आपण भेदभाव करत नाही हे स्वतः सिद्ध करावं. पाद्री मंडळी खवळली ती यावर. पाद्री जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही धार्मिक-राजकीय संघटना १९७९ ची आहे. गर्भपाताला देशभर मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा, आणि त्याआधी १९७१ मध्ये सदर्न बाप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या अधिवेशनाने काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा देणारा ठराव केला होता. ठिणगी गर्भपाताची असती तर इतकी वर्षं गेली नसती.

शिरीष:
दोघेही रागाबद्दल बोलताय. राग मतपेटीपर्यंत नेणारी यंत्रणा कुठून आली? १९६४ मध्ये ५० डॉलर किंवा जास्त देणगी देणाऱ्यांची नावं प्रतिनिधीगृहाच्या कार्यालयात बघायला मिळत. टपालाने देणग्या गोळा करणाऱ्या रिचर्ड विगरींनी तिथून गोल्डवॉटरच्या देणगीदारांची सुमारे १२,५०० नावं हाताने उतरवून घेतली. अनोळखी यादीवर देणगी मागायला पाठवलेल्या पहिल्या पत्रांत टपालखर्चही सुटत नाही. पण ज्यांनी एकदा १० डॉलर दिले ते पुन्हा देतात, आणि फायदा तिथून सुरू होतो. १९७४ च्या कायद्याने एका उमेदवाराला एका निवडणुकीत एका व्यक्तीची देणगी १,००० डॉलरवर आणली. बड्या देणगीदारांवर विसंबलेले अडले, छोट्यांची यादी हाताशी असलेले पुढे गेले.

माधव:
शिरीष, यंत्रणा मान्य, पण पत्रात लिहायला विषय लागतोच.

रेवाताई, ब्राऊननी प्रपोझिशनला आधी विरोध केला आणि मंजूर झाल्यावर तडफेने अमलात आणलं. म्हणून ते टिकले. आणि मॅसॅच्युसेट्सचं काय? १९७२ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्नना कौल देणारं ते एकमेव राज्य. तिथे १९८० मध्ये घरपट्टीवर अडीच टक्क्यांची मर्यादा मंजूर झाली आणि त्याच दिवशी रेगनही जिंकले. दक्षिणेतल्या त्या चर्चच्या शाळा तिथे कुठून आणणार?

रेवा:
जिंकले ते अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी फरकाने, आणि तिसरे उमेदवार अँडरसन तिथे १५ टक्के मतं घेऊन गेले. यादवीत फुटून निघालेल्या ११ दक्षिणी राज्यांपैकी १९७६ मध्ये व्हर्जिनिया सोडून सगळी डेमोक्रॅट जिमी कार्टरकडे होती, जे १९८० मध्ये रेगनचे प्रतिस्पर्धी होते. १९८० मध्ये उरलं एकटं जॉर्जिया. कार्टर स्वतः बाप्टिस्ट, रविवारी बायबल शिकवणारे. त्यांना तिथला गोरा धार्मिक मतदार सोडून जातो, हे घरपट्टीने कसं समजावणार?

माधव:
तिथलेही फरक बघा की. टेनेसी, आर्कान्सा, अलाबामा, मिसिसिपी, दक्षिण कॅरोलिना, सगळीकडे दोन टक्क्यांच्या आत. त्या वर्षी महागाई १३.५ टक्के होती. पगार महागाईमागे वाढायचा, प्राप्तिकराचे टप्पे जागेवरच, म्हणून खरी मिळकत न वाढताही माणूस वरच्या दरात जायचा. रेगनच्या १९८१ च्या कायद्याने १९८५ पासून ते टप्पे महागाईशी जोडले. दोन टक्के मतं हलायला एवढं पुरतं.