दिवाळीत वाड्यावर तीन पत्ती बसते, चार दिवस कुठं काढावेत?

उदगीरकर:
रमी आणि तीन पत्ती, दोन्ही सोडलंय. उपचार चालू आहेत, घरी सगळं माहीत आहे. एरवी जमतं, दिवाळीत अवघड जातं. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात येते, पुण्याहून चुलतभाऊ येतात आणि लक्ष्मीपूजन उरकलं की माळवदावर सतरंजी पडते. "शकुनाचा एक डाव" म्हणून बसलेले पहाटेपर्यंत उठत नाहीत. बायको-लेकरं घेऊन कुठं जावं? बजेट पाच हजार. देणी फेडायलोय, जास्त जमणार नाही.

बीडचा पाहुणा:
गोवा! आम्ही मागच्या साली गेलतो. पंचवीस हजार गेले, पण लेकरं अजून नाव काढतात.

नांदेडची लेक:
अहो, गोव्यात कॅसिनो आहेत, मांडवीत बोटीच उभ्या असतात. जुगार सोडलेल्या माणसाला तिथं पाठवायलात? आणि बजेट वाचा की.

माळकरी परभणी:
तुळजापूर, गाणगापूर करा. माळ घातल्यापासून मी पत्त्याला शिवलो नाही. डॉक्टरची गरजच पडत नाही.

जालना कोर्ट:
तीन पत्ती आणि रमी एकात धरू नका. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच रमी कौशल्याचा खेळ ठरवलाय.

नांदेडची लेक:
२०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यात रमीही आली. आणि कौशल्य असलं म्हणून काय, शेत गहाण पडायचं राहतं का?

आडत दुकान लातूर:
कुठंही जा, पण रोख उचलू नका. पट्टी खात्यावर घ्या आणि त्या खात्याचं एटीएम, युपीआय वहिनींकडं द्या. खिशात दिवाळीच्या किराण्यापुरतेच ठेवा.

हिंगोलीची सून:
आमच्या घरात हे झालंय म्हणून लिहिते. पत्ते पिसल्याचा नुसता आवाज आला तरी ह्यांचे तळहात ओले व्हायचे. खेळायला बसायचे नाहीत, पण मागं उभं राहून दुसऱ्याची पानं बघायचे. ते बघणंही बंद करावं लागलं. थोरल्या दिरांना आधीच सांगून ठेवलं, मग त्यांनीच सगळ्यांना बजावलं की ह्याला हाक मारायची नाही. ऐन वेळी नाही म्हणायची पाळीच येऊ देऊ नका. रात्री जीव फार ओढला तर १४४१६ लावा. टेली-मानस आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि माळकरी दादा, माळ खुशाल घाला, पण उदगीरकरांना उपचार सोडायला सांगू नका. हा आजार आहे.

बीडचा पाहुणा:
गोवा नको तर महाबळेश्वर. थंडी पण मिळेल.

जालना कोर्ट:
आमच्या गल्लीत तर आता बायका पण बसायल्यात. कुणाला बोलायची सोय नाही.

आडत दुकान लातूर:
परत सांगतो, रोख उचलू नका.

उदगीरकर:
सगळ्यांचं वाचलं. कुठंच जाणार नाही. आई थकलीय, दिवाळीला तिला एकटी ठेवणं पटत नाही. ह्या आठवड्यात शेतपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. पूजा झाली की थोरल्या पोराला घेऊन उसाला दारं धरायला जातो, तसंही पाणी द्यायचंच आहे. एटीएम बायकोकडं दिलं. चुलतभावाला आत्ताच फोन करून खरं कारण सांगितलं. तो नाराज झाला, पण हाक मारणार नाही म्हणाला. टेली-मानसचा नंबर सेव्ह केलाय.

हिंगोलीची सून:
लई चांगलं केलंत. पोराच्या पायात बूट असू द्या, अन् बॅटरी दोघांकडं दोन ठेवा. उसात साप फार असतात.